चिखलदऱ्याच्या चुलीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांचींच नांवें पुढें येतात. त्या लढायांतील शिपाई काय जेवला, घाट चढणाऱ्या वाटसरूनें सायंकाळीं तीन दगड मांडून काय शिजविलें, याची नोंद बखरकार सहसा करीत नाहींत. तरीही चुलीला स्वतःचा इतिहास असतो. आणि एखादें लहानसें गांव घेऊन पाहिलें म्हणजे तो अधिक स्पष्ट दिसतो.

वऱ्हाडांतील चिखलदरा हें असेंच एक गांव. अमरावती जिल्ह्यांत, सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत, समुद्रसपाटीपासून सुमारें 1,118 मीटर उंचीवर तें वसलें आहे. खालीं अचलपूर-परतवाड्याकडील काळी कपाशीची जमीन. वर सागाचें रान, थंड हवा आणि पावसाळ्यांत दिवसचे दिवस न हटणारें धुकें. या गांवाच्या नांवाची लोककथाच मुळीं एका आचाऱ्याची आहे. अज्ञातवासांत भीम हा बल्लव या नांवानें विराटाच्या मुदपाकखान्यांत राबत होता. द्रौपदीच्या छळाबद्दल त्यानें कीचकाचा वध केला व त्याचें प्रेत येथील दरींत लोटलें. म्हणून हा कीचकदरा, आणि त्याचाच पुढें चिखलदरा झाला, असें लोक सांगतात. जवळचें वैराट आणि भीमकुंड हीं नांवेंही याच कथेशीं जोडलेलीं आहेत. विराटाची नगरी राजस्थानांत होती असें मानणारेही पुष्कळ आहेत. तेव्हां कथा कथेच्या जागीं राहो. या डोंगरावर मात्र चुलीभोंवतीं बसून जीं माणसें खरोखर जेवलीं, त्यांची हकीकत कथेपेक्षां कमी मनोवेधक नाहीं.

मेळघाटच्या या रानांतील जुने रहिवासी म्हणजे कोरकू लोक. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं, शेजारच्या गोंडीच्याही नाहीं; दूर छोटा नागपुरांतील मुंडारी आणि संथाळी यांची ती बहीण आहे. त्यांचें परंपरागत धान्य कुटकी. डोंगरउताराच्या हलक्या, खडकाळ जमिनींत, फारशी मशागत न करतां हें पीक येतें. दाणा मोहरीपेक्षां फारसा मोठा नाहीं, आणि त्यावरचें टरफल चिवट. तें काढण्यासाठीं बायकांना धान्य पुनःपुन्हां कांडावें व पाखडावें लागतें. परंतु याच टरफलाचा एक मोठा गुण आहे. टरफलासकट साठविलेल्या दाण्याला कीड सहसा लागत नाहीं आणि तो वर्षानुवर्षें टिकतो. म्हणून कुटकीची कणगी म्हणजे केवळ यंदाचें अन्न नव्हे. पाऊस फसलेल्या वर्षाची ती ठेव असे.

एकदां दाणा सोलून झाला कीं पुढचा स्वयंपाक अगदीं सोपा. कुटकी दोन पाण्यांनीं धुवावी, अर्धा तास भिजवावी, एका मापास अडीच मापें पाणी घालून मंद आंचेवर झांकून ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांत मोकळा भात होतो. पाणी वाढविलें तर पेज होते. सोबत रानांतली पालेभाजी किंवा पातळ डाळ असली म्हणजे जेवण पुरें. फाल्गुन-चैत्रांत पहाटे झाडाखालीं मोहाच्या फुलांचा सडा पडतो. तीं फुलें वेंचून, वाळवून ठेवलीं जातात आणि धान्य सरत आलें म्हणजे उपयोगीं पडतात.

याच डोंगरांत गुरें-म्हशी घेऊन गवळी वावरले. गाविलगड हें नांव गवळ्यांवरूनच पडलें असें मानतात. दूध रानांत मुबलक. परंतु घाट उतरून बाजार गांठेपर्यंत तें नासणार. या अडचणींतून त्यांच्या चुलीचें शास्त्र तयार झालें. दूध आटवून खवा करावा, लोणी कढवून तूप करावें, म्हणजे ओझें कमी होतें आणि माल टिकतो. म्हशीच्या पांच लिटर दुधाचा सुमारें एक किलो खवा पडतो. रबडी हा त्याच वाटेवरचा अलीकडचा मुक्काम. दूध रुंद कढईंत मंद उकळत ठेवावें, वर येणारी साय कडेला सारीत जावी, आणि दूध निम्म्याहून कमी राहिल्यावर साखर घालून ती साय पुन्हां त्यांत सोडावी. चिखलदऱ्याहून परतणारे प्रवासी आजही खवा व रबडी यांची आठवण काढतात. ती गोडी मुळांत अडचणींतून निघाली, हें फार थोड्यांच्या ध्यानीं येतें.

पुढें सत्ताधीशांची नजर या उंचवट्यावर गेली. इ. स. 1425 च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहानें गाविलगडचा किल्ला बांधविला. नंतर तो इमादशाहीकडे, आणि कालांतरानें नागपूरकर भोंसल्यांकडे आला. 29 नोव्हेंबर 1803 रोजीं अडगांवची लढाई जिंकून आर्थर वेलस्लीचें सैन्य या किल्ल्याकडे वळलें, आणि 15 डिसेंबरला किल्ला पडला. असल्या सैन्यांचें पोट भरत होतें तें वंजाऱ्यांच्या बैलांवर. हजारों बैलांच्या पाठीवरून धान्याच्या गोण्या मुलुखोमुलुखीं जात. वाटेवरच्या माणसाजवळ तवा-परात असतेच असें नाहीं. त्याच्या सोयीचा स्वयंपाक वऱ्हाडानें रोडग्यांच्या रूपानें जतन केला आहे. गव्हाचें जाडसर पीठ मीठ घालून घट्ट मळावें, लहान पुऱ्यांना तेल लावून एकीवर एक ठेवाव्या, सर्वांना मिळून एका पुरींत गुंडाळून गोळा करावा, आणि गोंवऱ्यांच्या निखाऱ्यांत तो खरपूस भाजावा. मग राख झटकून, फोडून, वर तूप घालून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खावा. आज हे रोडगे देवाच्या नैवेद्याला आणि शेतांतल्या पंगतीला होतात. परंतु त्यांची घडण उघड्यावर मुक्काम करणाऱ्या माणसाची आहे.

इ. स. 1823 मध्यें हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन हा येथें आला, आणि इंग्रजांना या थंड जागेची ओळख झाली. 1853 मध्यें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून त्यांच्या हातीं गेल्यावर चिखलदरा ही वऱ्हाडच्या अधिकाऱ्यांची उन्हाळ्यांतली विसाव्याची जागा बनली. बंगले झाले, त्यांच्याभोंवतीं बागा झाल्या, आणि कॉफीचीं झुडपें लागलीं. मोठ्या झाडांची सांवली, उताराची जमीन आणि भरपूर पाऊस हें कॉफीला मानवणारें सारें येथें होतें. महाराष्ट्रांत कॉफी पिकविणारी जागा म्हणून चिखलदऱ्याचें नांव आजही घेतात. मात्र खालच्या वऱ्हाडानें घरोघर चहाच स्वीकारला. कॉफी ही प्रवासाची पुडी म्हणून तेवढी राहिली.

याप्रमाणें गवळी, शिपाई, साहेब हे सारे आले व आपापली चव ठेवून गेले. प्रश्न उरतो तो आधींपासून येथें असलेल्या माणसाचा. 1974 मध्यें मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. रानाच्या रक्षणासाठीं तें आवश्यक होतें. परंतु पुढें चराईवर बंधनें आलीं आणि कांहीं गांवें उठून दुसरीकडे गेलीं. शेतांतही पालट झाला. कुटकीच्या जागीं रोख पैसा देणारें सोयाबीन आलें, आणि ताटांत दुकानाचा तांदूळ आला. 1990 नंतरच्या दशकांत मेळघाटांतील बालकांच्या कुपोषणाच्या व मृत्यूंच्या बातम्यांनीं सारा महाराष्ट्र हादरला. त्यास दारिद्र्य, रोगराई, दवाखान्यांचें अंतर अशीं अनेक कारणें होतीं. एका धान्याच्या जाण्यानें तें घडलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. तथापि ज्या घरांतून वाईट वर्षाची कणगी नाहींशी झाली, तें घर अधिक उघडें पडलें, हें समजण्यास फार विद्वत्ता नको.

संयुक्त राष्ट्रांनीं 2023 हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि शहरांतील दुकानांत कुटकी सुबक पाकिटांतून दिसूं लागली. सुशिक्षित घरांना ती तशी परकी नाहीं. एकादशीला खाल्ली जाणारी भगर याच जातीच्या बारीक धान्यांची असते. ज्या दाण्यावर शहरांत उपास होतो, त्याच दाण्यानें डोंगरांत उपासमार टळत होती, एवढेंच आपण विसरलों. चिखलदऱ्यास जाणाऱ्यानें धुकें पाहावें, गाविलगडचे दरवाजे पाहावे, खवाही जरूर आणावा. परंतु परततांना शेरभर कुटकी पिकविणाऱ्याकडूनच, योग्य मोल देऊन घ्यावी, आणि उपासाचा दिवस नसतांही ती घरीं शिजवावी. धान्याला गिऱ्हाईक असलें तरच तें शेतांत उभें राहतें. आणि तें शेतांत उभें राहिलें, तरच कोरकूंच्या कणगींत पुन्हां वाईट वर्षाची ठेव पडेल.