तळटीप १४ : गॅम्बल द्रावण

१४. गॅम्बल द्रावण : फुप्फुसातील पेशींबाहेरच्या द्रवाची प्रयोगशाळेत केलेली क्षारयुक्त नक्कल, सामू सुमारे ७.४. नाव अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जेम्स गॅम्बल (१८८३–१९५९) यांच्यावरून. मूळ मजकुरातील ‘धूळ विरघळली नाही’ हे लेखकाचे विधान एवढ्या द्रावणापुरतेच खरे; कारखान्याच्या वकिलाने त्याचा अर्थ ‘धूळ निरुपद्रवी’ असा लावला, तो टिकणारा नाही. वायुकोशांत पोचलेले कण भक्षक पेशी गिळतात आणि त्या पेशींच्या लयकारिकांतील सामू ४.५ ते ५ इतका आम्लधर्मी असतो. उदाहरणार्थ, साध्या पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कोबाल्ट ऑक्साइडचे सूक्ष्म कण तेथे हळूहळू विरघळतात. म्हणून अशा चाचण्यांत ४.५ सामूचे दुसरे कृत्रिम द्रावणही वापरतात. कफाबरोबर वर ढकलले जाणारे कण मात्र दोन्ही द्रावणांच्या हिशेबाबाहेर राहतात.