कव्हरवरचा मुसोलिनी

बरेच दिवस या रेकॉर्डविषयी लिहायचं मनात होतं. टाळत होतो, कारण लिहायचं म्हटलं की आधी स्वतःची एक चूक कबूल करावी लागते. तर ती आधीच सांगून टाकतो.

एका मित्रानं मला एक सीडी दिली होती. सत्तरच्या दशकातलं इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक हे त्याचं वेड. बँडचं नाव 'म्युझिओ रोझेनबाख', आल्बमचं नाव 'झारातुस्त्रा', साल १९७३. घरी येऊन कव्हर निरखून पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रांचे तुकडे जोडून केलेलं कोलाज, आणि त्या तुकड्यांत चक्क मुसोलिनीचा अर्धपुतळा! त्यातून आल्बमचं नाव नीत्शेच्या पुस्तकावरून घेतलेलं. मी मनाशी काय तो हिशोब मांडला आणि सीडी कपाटात टाकली. पुढे चारचौघांत विषय निघाला तेव्हा "फॅसिस्ट पोरं आहेत ती" असं ठोकूनही दिलं. मित्रानं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "ऐकलीस?"

नव्हती ऐकली.

मग ऐकली, आणि या मंडळींविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळलं की मी जे केलं तेच १९७३ साली इटलीनं त्यांच्याबाबतीत केलं होतं.

ही पोरं लिग्युरियाची, म्हणजे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरची. बोर्डिगेरा, सान रेमो ही त्यांची गावं, फ्रान्सच्या सीमेला अगदी लागून. स्तेफानो 'लुपो' गालिफी गायला, एन्झो मेरोन्यो गिटारवर, अल्बेर्तो मोरेनो बासवर, पिट कोर्राडी कीबोर्डवर आणि जानकार्लो गोल्झी ड्रम्सवर. बँडचं मूळ नाव होतं 'रोझेनबाख संग्रहालयाचं उद्घाटन'. रेकॉर्ड कंपनीनं त्यातलं उद्घाटन तेवढं काढून टाकलं. ही कंपनी म्हणजे मिलानची रिकोर्डी. १८०८ साली सुरू झालेली, व्हेर्दी आणि पुच्चिनीच्या ऑपेरांची प्रकाशक. एवढ्या मोठ्या घराण्यानं हात दिल्यावर पोरांना आभाळ ठेंगणं वाटलं असेल.

काळही त्यांच्या बाजूचा होता. लांबलचक, गुंतागुंतीचं, शास्त्रीय संगीताच्या वळणानं जाणारं रॉक इटालियन तरुणांनी जितकं डोक्यावर घेतलं तितकं खुद्द इंग्लंडातही कुणी घेतलं नसेल. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर'चा 'पॉन हार्ट्स' इंग्लंडात फारसा चालला नाही, पण १९७२ साली इटलीत पहिल्या क्रमांकावर होता. जेनेसिसलाही घरच्या आधी इटलीनं उचलून धरलं.

'झारातुस्त्रा'ची पहिली बाजू म्हणजे सुमारे वीस मिनिटांची, पाच भागांची एकच सलग रचना. तिच्यात मेलोट्रॉन आहे. हे वाद्य दिसतं ऑर्गनसारखं, पण पोटात प्रत्येक पट्टीमागे टेपची एक फीत असते. पट्टी दाबली की फितीवर रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं किंवा गाणारा वृंद वाजू लागतो, आणि आठेक सेकंदांत फीत संपते. बोट उचलायचं, फीत मागे जाऊ द्यायची, पुन्हा दाबायचं. त्यामुळे या आवाजाला एक प्रकारची धाप असते. कोर्राडीच्या मेलोट्रॉनवर गालिफीचा घोगरा, सोलच्या वळणाचा आवाज चढतो तेव्हा अंगावर काटा येतो. सुबक नाही हे संगीत. विशीतल्या पोरांचं आहे. सगळं एकदमच सांगून टाकायची घाई त्यात आहे.

आणि विषय? झारातुस्त्रा म्हणजे आपल्या पारशी शेजाऱ्यांचा जरथुष्ट्र. नीत्शेनं त्याचं नाव तेवढं घेतलं आणि त्याच्या तोंडी स्वतःचं तत्त्वज्ञान घातलं. त्या पुस्तकाचा पहिला भाग त्यानं १८८२-८३च्या हिवाळ्यात रापाल्लोला असताना लिहिला. हे रापाल्लोही लिग्युरियाच्याच किनाऱ्यावर. म्हणजे पोरांनी विषय लांबून आणला नव्हता, तो त्यांच्याच समुद्राकाठी जन्मला होता. माउरो ला लुचेच्या शब्दांतला 'अतिमानव' कुणावर राज्य करणारा नाही. तो निसर्गाशी जुळवून घेऊन शहाणपण शोधणारा माणूस आहे. बँडची मंडळीही पुढे हेच सांगत राहिली.

पण हे कळायला रेकॉर्ड ऐकावी लागते. कव्हर नुसतं पाहिलं तरी पुरतं.

कव्हर बँडनं केलेलं नव्हतं. सेझारे मोंती आणि वांडा स्पिनेल्लो यांनी ते केलं होतं. चिथावणी म्हणा, टीका म्हणा, त्यांनी तो अर्धपुतळा त्यात बसवला. झालं. फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला. आणि तेव्हा इटलीत रेडिओ आणि टीव्ही म्हणजे एकटी सरकारी 'राई'. खाजगी स्थानिक रेडिओला वाट मिळाली ती १९७६ साली, तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर. म्हणजे एक दार बंद झालं की दुसरं ठोठवायला दारच नव्हतं. रेकॉर्ड वाजली नाही, खपली नाही. थोडे कार्यक्रम झाले आणि बँड मोडला. एक आल्बम, एक वर्ष, खेळ खलास.

इथे चटकन 'बिचारी पोरं आणि मूर्ख जनता' असं लिहून मोकळं होता येईल. पण ते खरं नाही. डिसेंबर १९६९मध्ये मिलानच्या प्यात्सा फोंतानात बँकेत बॉम्ब फुटला आणि १७ माणसं गेली. तो नवफॅसिस्टांनी ठेवला होता. खुद्द लिग्युरियात, जेनोआला, नवफॅसिस्ट पक्षाचं अधिवेशन भरणार म्हणून जून १९६० मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते आणि अधिवेशन रद्द करावं लागलं होतं. ज्यांच्या घरातली माणसं मुसोलिनीच्या राज्यात मारली गेली, त्यांना तो अर्धपुतळा 'कोलाज' म्हणून दिसावा ही अपेक्षाच चुकीची. नीत्शेचंही तेच. मुसोलिनी तरुणपणापासून त्याचा भक्त. १९४३ साली त्याच्या साठीला हिटलरनं भेट पाठवली ती नीत्शेच्या समग्र ग्रंथांची! असं नाव आणि असा चेहरा शेजारी शेजारी ठेवल्यावर संशय येणारच. संशय रास्त होता. निकाल मात्र चुकला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे समजायला मला बराच वेळ लागला.

पुढची गोष्ट मात्र गमतीची आहे. ड्रमर गोल्झी १९७५ साली 'मातिया बाझार' नावाच्या पॉप बँडमध्ये गेला. हा बँड इटलीत घराघरांत पोचला, १९७८ आणि २००२ साली सान रेमोचा गीत महोत्सव जिंकला. ज्याची पहिली रेकॉर्ड कुणी वाजवली नाही, त्याचे ड्रम्स पुढे चाळीस वर्षं देशभर वाजत राहिले. गायक बदलले, वादक बदलले, गोल्झी ऑगस्ट २०१५ मध्ये जाईपर्यंत तिथेच होता.

आणि 'झारातुस्त्रा'? पहिल्या आवृत्तीच्या प्रतींना संग्राहक दाबून पैसे मोजू लागले. रेकॉर्ड पुन्हा निघाली, जपानपर्यंत पोचली. २००६ साली जेनोआत एलिसा मोंताल्दो नावाच्या कीबोर्डवादक मुलीनं नवा बँड काढला आणि त्याला 'झारातुस्त्रा'च्या शेवटच्या भागाचंच नाव दिलं, 'वाळूच्या घड्याळांचं मंदिर'. गायला कोण? तोच गालिफी, तेहतीस वर्षांनी. त्यांचा आल्बम २०१० मध्ये आला. मग मूळ बँडलाही पालवी फुटली. २०१२ साली गालिफी, मोरेनो आणि गोल्झी यांनी नव्या साथीदारांसह 'झारातुस्त्रा' अख्खा पुन्हा वाजवला, २०१३ मध्ये 'बार्बारिका' हा नवा आल्बमही काढला. मूळ रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं नीत्शेच्या 'चिरंतन पुनरागमना'वर आहे. योगायोग म्हणायचा.. दुसरं काय!

पण सगळ्याच मोडलेल्या बँडना असं परत यायला मिळत नाही. आणि मिळालं तरी मधली वर्षं परत येत नाहीत. १९७४ साली या पाच जणांनी काय वाजवलं असतं, ते आता कुणालाच ऐकता येणार नाही.

परवा मित्राचा फोन आला होता. आणखी एक नवा बँड सापडलाय म्हणाला, कव्हर भयानक आहे, पाठवू का? म्हटलं पाठव. कव्हर नंतर पाहीन.