शिसपेन्सिलीत शिसे नसते

शेवगावला शाळेत असताना आम्ही पोरे टॉर्चचे संपलेले सेल फोडत असू. आतून कार्बनची एक काळी कांडी निघे. तिने गल्लीतल्या भिंतींवर लिहायचे आणि घरमालकाच्या शिव्या खायच्या. माझी पहिली यमके अशाच एका भिंतीवर उमटली. पुढे ती भिंत पडली, हे मराठी कवितेचे भाग्यच म्हणायचे!

त्या कांडीचे शिसपेन्सिलीशी आणि आमच्या अब्बांच्या मुशीशी नाते आहे, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते. अब्बा शेतावरच्या इंजिनांचे पितळी बुश ओतून देत. पितळ वितळवायची मूस बाहेरगावाहून यायची. हात लावला की बोटे चकचकीत काळी व्हायची. माती आणि ग्रॅफाइट एकत्र मळून, भाजून ती केलेली असते. ग्रॅफाइट भट्टीच्या आचेला वितळत नाही, उष्णता झटकन आत पोचवते आणि रसाला चिकटत नाही. मूस तडकली की अब्बा त्या दिवशी जेवताना बोलत नसत.

आता शिसपेन्सिलीचे. सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या बॉरोडेल भागात हा खनिज पदार्थ शुद्ध आणि घट्ट रूपात सापडला. धनगर त्याने मेंढ्यांवर खुणा करत. लोकांना वाटले, हे काळे शिसेच. 1779 मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन असल्याचे दाखवले. 1789 मध्ये वेर्नर यांनी 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. शिसे गेले, पण शब्दात राहिले. आपल्या मराठीतही ते राहिले, आणि मला ते आवडते. भाषा आपल्या चुका सहसा टाकून देत नाही.

पण ग्रॅफाइटची किंमत वाढली ती लिहिण्यामुळे नव्हे, तोफगोळ्यांमुळे. गोळ्यांच्या साच्यांना आतून ग्रॅफाइट लावले की गोळे गुळगुळीत निघत. (त्याच शतकात, 1549 मध्ये, आमच्या नगरात मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ ओतली गेली, आज ती विजापूरला आहे.) बॉरोडेलच्या खाणीवर पहारे बसले. 1752 मध्ये तर तिथली चोरी हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच झाला. पुढे युद्धामुळे फ्रान्सला हा माल मिळेना, तेव्हा कोन्ते यांनी 1795 मध्ये ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून, भाजून पेन्सिलीची कांडी केली. म्हणजे कृती मुशीचीच! आजची पेन्सिलही याच रीतीने बनते.

तेव्हापासून या खनिजाच्या बाजाराची रीत फारशी बदललेली नाही. माल एकाच्या हाती एकवटतो, भाव चढतो, मग दुसरी वाट निघते आणि भाव कोसळतो. श्रीलंकेतल्या खाणींना पहिल्या महायुद्धात सुगीचे दिवस आले आणि युद्ध संपताच ते गेले. 2017 मध्ये चीनने प्रदूषण करणाऱ्या जुन्या पोलादभट्ट्या बंद केल्या आणि विजेच्या भट्ट्यांना लागणाऱ्या ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचे भाव अनेक पटींनी उसळले. हे इलेक्ट्रोड खाणीतले नसतात. खनिज तेलाचा कोक सुमारे तीन हजार अंशांपर्यंत तापवून ते करतात. आपल्याकडे दुर्गापूर, नाशिक आणि भोपाळजवळचे मंडीदीप इथे या उद्योगाचे कारखाने आहेत. त्यांच्या शेअरवर त्या वर्षी पुष्कळांनी कमावले आणि नंतर उशिरा आलेल्यांनी गमावले.

आता ओढ आहे ती बॅटरीची. लिथियम बॅटरीत लिथियमपेक्षा ग्रॅफाइटच कितीतरी जास्त असते. नाव मात्र लिथियमचे! हे ग्रॅफाइट बॅटरीयोग्य करण्याचे काम बहुतांश चीनमध्ये चालते. डिसेंबर 2023 पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावला. बॉरोडेलचा पहाराच तो, फक्त बंदुकीऐवजी कागदाचा. भारताने 2023 मध्येच ग्रॅफाइटला 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घेतले. साठे आपल्याकडे आहेत, अरुणाचल प्रदेशात सर्वाधिक. खाणी ओडिशा, झारखंड, तमिळनाडूत आहेत. पण नुसता दगड विकून पैसा मिळत नाही. पैसा आहे तो शुद्ध करण्यात, आणि ती विद्या आपण अजून नीट कमावलेली नाही. त्यात सोडियमच्या बॅटऱ्या येऊ घातल्या आहेत. त्यांत ग्रॅफाइटऐवजी वेगळा कार्बन वापरतात. म्हणून मागणी वाढणार असली, तरी भाव चढाच राहील, असे मी कुणाला सांगणार नाही.

आमच्या पुतण्याची विजेची रिक्षा शेवगावच्या स्टँडवर असते. पहिली बॅटरी खऱ्या शिश्याची होती, जड आणि लवकर म्हातारी होणारी. यंदा त्याने कर्ज काढून लिथियमची घेतली. शिसे गेले, ग्रॅफाइट आले. परवा त्याने विचारले, "चाचा, ही संपली की दुसरी केवढ्याला पडेल?" मी त्याला चीनचा परवाना, अरुणाचलचे डोंगर, सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे आतापासूनच बाजूला टाकायला लागलं पाहिजे."