वाद्य परकं, तारा आपल्या

एखादं वाद्य देशी की परदेशी, यावरून आपल्याकडे बरेच वाद झाले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. हार्मोनियम युरोपातून आली आणि तिच्यातून मींड निघत नाही, हे तिच्यावरचे मुख्य आक्षेप होते. त्याच काळात दुसरं एक परदेशी वाद्य मात्र फारसा वाद न होता इथं रुळलं. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची ही हवाईयन गिटार. जुन्या सिनेगीतांच्या धुना रेडिओवर ऐकलेल्यांना तिचा लांबत जाणारा, थरथरता सूर नक्की आठवत असेल.

ही गिटार मूळची कुणाची, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, तिच्या तारा कुणी कशा लावल्या?

त्यासाठी वाद्याची अडचण समजून घ्यावी लागेल. साध्या गिटारवर बोटं प्रत्येक तार वेगवेगळ्या ठिकाणी दाबू शकतात. इथं बोटांच्या जागी एकच सरळ कांडी असते. ती सगळ्या तारांवर एकाच रेषेत टेकते. त्यामुळे मोकळ्या तारांमध्ये जे नातं असेल, तेच कांडीसोबत वर-खाली सरकतं. तारा मेजर कॉर्डमध्ये लावल्या, तर जिथं जाल तिथं मेजर कॉर्डच वाजेल. थोडक्यात, काय वाजवता येईल याचा बराचसा निर्णय तारा जुळवतानाच होऊन जातो.

हवाई बेटांवर गिटार १९व्या शतकात पोचली. १८३०च्या दशकात गुरं सांभाळण्यासाठी मेक्सिकोहून आणलेल्या गुराख्यांनी ती सोबत नेली, असं सांगितलं जातं. स्थानिक लोकांनी वाद्य घेतलं, पण स्पॅनिश जुळणी नाकारली. काही तारा सैल करून त्यांनी आपल्या गाण्याला साजेशी जुळणी बसवली. त्यातल्या एका लोकप्रिय जुळणीचं नाव आहे ‘टॅरो पॅच’, म्हणजे चक्क अळूचा वाफा! आपल्या सरगमीत ती जाड तारेकडून बारीक तारेकडे अशी होते: प सा प सा ग प.

या गिटारवर पोलादी कांडी चालवण्याचं श्रेय ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. दुसरा एक दावा गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशाबद्दल आहे, आणि तो भारतात जन्मला होता असं सांगतात. हे वाचलं की ‘बघा, वाद्य मुळात आपलंच’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. एका माणसाच्या जन्मस्थानावरून संगीताची मालकी ठरत नाही.

१८९३ साली हवाईची राजसत्ता उलथवली गेली. १८९८ साली अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली. राज्य गेलं, पण सूर मात्र अमेरिकाभर पसरला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर तर हवाईयन गिटारची लाटच आली. मग ज्यानं त्यानं तारा आपापल्या सोयीनं बदलल्या. जॅझकडे वळलेल्या सोल हूपी या हवाईयन वादकाला साधी मेजर जुळणी अपुरी पडली. त्यानं गुंतागुंतीचे कॉर्ड देणारी मायनर जुळणी रूढ केली. पुढं ‘सी सिक्स्थ’ जुळणी आली: सा ग प ध सा ग. तिच्या खालच्या तीन तारांत मेजर कॉर्ड आहे आणि वरच्या तीन तारांत मायनर. एका ‘ध’मुळे ही सोय झाली. ओहायोच्या जेरी बर्ड यांनी ती लोकप्रिय केली. हेच बर्ड १९७०च्या दशकात हवाईला स्थायिक झाले आणि तिथल्या मुलांना स्टील गिटार शिकवू लागले. कृष्णवर्णीयांच्या ‘हाउस ऑफ गॉड’ चर्चमध्ये विली ईसन यांनी कॉर्डपेक्षा एकेका तारेवर भर दिला. त्यांना गिटारकडून भजनं ‘म्हणवून’ घ्यायची होती.

नेमकी हीच गरज भारतातही होती. १९४०च्या दशकात टाऊ मो हे हवाईयन वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहत होते. त्यांच्यामुळे तिथं या गिटारचे विद्यार्थी तयार झाले. कवी काझी नजरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध हे पुढं याच गिटारचे नामवंत वादक झाले. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी ती घरोघरी पोचवली.

पण रागसंगीताचं काय? मालकंसात शुद्ध गंधार आणि पंचम दोन्ही वर्ज्य आहेत. ‘सा ग प’ अशी लावलेली गिटार त्यात मोकळी छेडली, तर राग तिथंच मोडला. पाश्चात्त्य वादकाला हवे असलेले कॉर्ड इथं अडथळा ठरतात. उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी ही गाठ सोडवली. त्यांनी कॉर्ड सोडून दिले, गायकीसारखी मींड मोजक्या तारांवर आणली आणि षड्जाचा आधार देणाऱ्या चिकारीच्या तारा जोडल्या. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत त्यांची गिटार ऐकताना ती परकी वाटत नाही. पुढं विश्वमोहन भट्ट यांनी तरफा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवलं.

हार्मोनियमचे सूर कारखान्यातच ठरून येतात, ही तिची खरी अडचण होती. गिटारच्या खुंट्या पिळता येतात. गुराखी, खलाशी, चर्चमधले भाविक आणि सरोदियाचा शिष्य, सगळ्यांनी त्या पिळल्या. कुणीही आधी वाद्याचा दाखला मागितला नाही. संस्कृतीच्या शुद्धतेवर हिरिरीनं बोलणाऱ्यांनी एकदा गिटार मांडीवर घेऊन बघावी. तारा आपल्या लावल्या की ती आपल्या भाषेत बोलू लागते.