पुरुष प्राध्यापक भारतात जास्त की जपानमध्ये? एका आकड्याची तीन उत्तरे

उच्च शिक्षणात शिकवणारे पुरुष भारतात सुमारे ९ लाख, तर जपानच्या विद्यापीठांत सुमारे १.४ लाख. एवढेच वाचले तर या क्षेत्रात पुरुषांचे वर्चस्व भारतात जास्त आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात चित्र उलटे आहे.

आकडे कुठून येतात?

भारतात शिक्षण मंत्रालय 'अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण' करते. २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि इतर उच्च शिक्षण संस्थांत मिळून १५.९८ लाख शिक्षक होते. त्यांपैकी ५६.६ टक्के पुरुष, म्हणजे सुमारे ९.०४ लाख.

जपानचे शिक्षण मंत्रालयही दरवर्षी अशी पाहणी करते. त्याच सुमारास तेथील विद्यापीठांत सुमारे १.९ लाख पूर्णवेळ शिक्षक होते. त्यांत महिला सुमारे २७ टक्के, म्हणजे पुरुष सुमारे ७३ टक्के.

तुलना एक, उत्तरे तीन

• एकूण संख्या: भारतात पुरुष शिक्षक जपानच्या सहापटीहून अधिक. पण भारताची लोकसंख्या सुमारे १४० कोटी आणि जपानची सुमारे १२.५ कोटी आहे.

• लोकसंख्येच्या प्रमाणात: दर १ लाख लोकांमागे पुरुष शिक्षक भारतात सुमारे ६५, जपानमध्ये सुमारे १११. इथे जपान पुढे जातो.

• शिक्षकांमधील वाटा: भारतात १०० पुरुष शिक्षकांमागे ७७ महिला आहेत. २०१४-१५ मध्ये हे प्रमाण ६३ होते. जपानच्या विद्यापीठांत ते ३७ च्या आसपास आहे.

स्त्री-पुरुष समानतेविषयी बोलायचे असेल, तर तिसरे उत्तर महत्त्वाचे ठरते.

जपानमध्ये महिला कमी का?

याचे एक कारण विद्यार्थी असतानाच सुरू होते. टोकियो विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांत मुली केवळ २० टक्क्यांच्या आसपास आहेत. अभियांत्रिकी आणि विज्ञानाकडे कमी मुली वळतात, त्यामुळे पुढे त्या विषयांत शिकवणाऱ्या महिलाही कमीच राहतात.

मोजणीत कोण आले, कोण राहिले?

जपानचा १.९ लाख हा आकडा फक्त विद्यापीठांचा आहे. दोन-तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी लघु महाविद्यालये त्यात नाहीत आणि तिथे निम्म्याहून अधिक शिक्षक महिला आहेत. महाराष्ट्रात अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात, तसे जपानमध्येही अर्धवेळ शिकवणारे खूप आहेत. तेही या आकड्यात धरलेले नाहीत. भारताच्या आकड्यात मात्र महाविद्यालयांचाही समावेश आहे. त्यामुळे ही तुलना ढोबळ आहे.

देशाच्या सरासरीतही बरेच काही झाकले जाते. केरळमध्ये महिला शिक्षक पुरुषांपेक्षा जास्त आहेत, तर २०१८-१९ च्या सर्वेक्षणात बिहारमध्ये सुमारे ७९ टक्के शिक्षक पुरुष होते. शिवाय दोन्ही देशांत पद जितके वरचे, तितका पुरुषांचा वाटा मोठा.

पोस्ट शेअर करण्यापूर्वी

दोन देशांची तुलना दिसली की तीन गोष्टी पाहाव्यात: आकडा संख्येचा आहे की टक्केवारीचा, तो कोणत्या वर्षाचा आहे आणि 'शिक्षक' म्हणून कोणाला मोजले आहे. यातले काहीच दिलेले नसेल, तर आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो.