ॲपलबी अहवाल : संस्था उभ्या राहिल्या, श्रेणी कायम राहिली

आजच्या धाग्याचा विषय आहे १९५३ सालचा एक अहवाल. लेखक पॉल ॲपलबी : रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत अमेरिकी प्रशासनात वरिष्ठ पदे भूषवलेले गृहस्थ, पुढे सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलचे अधिष्ठाता. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार म्हणून ते भारतात आले. पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. महसूल वसुली आणि शांतता-सुव्यवस्था यांसाठी घडवलेली नोकरशाही धरणे, कारखाने व ग्रामविकास यांचा भार पेलेल काय, हा त्या काळचा खरा प्रश्न होता.

जगातील उत्तम प्रशासन असलेल्या डझनभर देशांत ॲपलबींनी भारताची गणना केली. हे प्रशस्तिपत्र आजही उद्धृत होते. त्यापुढची पाने मात्र क्वचितच. सरकारी मनुष्यबळाविषयी त्यांचे निदान कठोर होते. हुद्दा, वर्ग आणि आपली 'सेवा' यांचे भान इथे अतोनात आहे. आपण सारे एकाच लोकसेवेचे घटक आहोत, ही जाणीव त्या मानाने क्षीण आहे. निर्णयाआधी इतक्या जणांची संमती लागते की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

यातले अंमलात काय आले? मार्च १९५४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयात कार्यपद्धती सुधारण्यासाठी 'ओ अँड एम' विभाग निघाला. त्याच महिन्यात भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. अध्यक्ष खुद्द पंडित नेहरू. पुढच्या वर्षी संस्थेचे संशोधन-नियतकालिकही सुरू झाले. भारतीय प्रशासनाच्या अभ्यासाला हक्काचे घर मिळाले, हे श्रेय मान्यच करावे लागेल. तथापि, कार्यपद्धती आणि प्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र यंत्रणा हवी, असे ए. डी. गोरवाला यांनी नियोजन आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात १९५१ सालीच सुचवले होते. गोरवाला मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी. घरच्या माणसाच्या सांगण्याला पाहुण्याच्या सहीने वजन आले, असे मला वाटते.

१९५६ च्या दुसऱ्या अहवालात ॲपलबींनी थेट लेखापरीक्षणावर बोट ठेवले : त्याच्या धाकाने अधिकारी निर्णय घ्यायलाच कचरतात. सार्वजनिक उद्योगांना अधिक मोकळीक द्यावी, असा त्यांचा आग्रह. तो अनेकांना रुचला नाही, आणि त्यात नवल नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारी व्यवस्था सैल करणे ही काही किरकोळ बाब नव्हे.

आणि श्रेणी? वेगवेगळ्या सेवांना एकाच वेतनश्रेणी-रचनेत बसवण्याची शिफारस प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६९ मध्ये पुन्हा केली. पुढे 'वर्ग १ ते ४' ही नावे जाऊन 'गट अ ते ड' आली. कागदावर. पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या फलकांवर यशस्वी उमेदवार आजही 'क्लास वन अधिकारी'च असतो.