पान गावाचे, भाव कोणाचा? चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभा एकत्र का आल्या

आजच्या थ्रेडची सुरुवात सत्तर पानांपासून करू.

मे महिन्यातील पहाट. गडचिरोलीच्या जंगलात बाया-माणसे टेंभुर्णीची, म्हणजेच तेंदूची, कोवळी पाने खुडत आहेत. ऊन चढण्याआधी ओझे घरी येते. दुपारभर सारे घर पाने जुळवत बसते आणि सत्तर पानांचे एकेक पुडके बांधले जाते. सायंकाळी ही पुडकी ‘फळी’वर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिली जातात. तिथे ती उन्हात वाळतात, उलटली जातात आणि अखेर गोणीत भरली जातात. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. या पानांतून विडी वळली जाते.

पान कोणी खुडले हे सर्वांना ठाऊक असते. त्याचा भाव कोणी ठरवला, हा मात्र गेल्या शतकभराच्या राजकारणाचा प्रश्न आहे.

उद्योजकांची संघटना म्हटली की आपल्यासमोर मुंबई येते. तिथे १९६१ मध्ये देशी औषध कारखानदारांनी ‘इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’ स्थापन केली. परदेशी कंपन्यांच्या पेटंटपुढे एकटा कारखानदार टिकणार नव्हता. एकत्रित आवाजाने मात्र १९७० च्या पेटंट कायद्यासाठी बळ उभे केले, आणि त्या कायद्याने औषधाच्या रेणूवरील पेटंट काढून केवळ निर्मितीप्रक्रियेवर ठेवले. वनस्पतींवरच जगणाऱ्या झाडीपट्टीत अशा संघटनेची गरज काही कमी नव्हती. पण तिथे अडचण वेगळी होती. विकायला माल होता, मालकी नव्हती.

ही मालकी टप्प्याटप्प्याने गेली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने जंगल ‘राखीव’ व ‘संरक्षित’ अशा रकान्यांत विभागले गेले. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी संपली, तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता. जमीनदारांची जंगले शासनाकडे आली, गावाकडे नव्हे. पुढे हा मुलूख महाराष्ट्रात आला आणि १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाच्या व्यापारावर राज्याची मक्तेदारी प्रस्थापित झाली. जंगलाचे घटक पाडायचे, घटकांचा लिलाव करायचा, ठेकेदाराने माल उचलायचा, असा तो शिरस्ता होता. स्वामित्वशुल्क सरकारी तिजोरीत जाई आणि खुडणाऱ्याच्या हाती पुडक्यांच्या शेकड्यामागे मजुरी पडे. पुढे काही रक्कम बोनस म्हणून परत येऊ लागली. पण भावाच्या बैठकीत गावाला पाट मिळाला नाही.

बांबूची कथा याहून तिखट आहे. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ ची. तिच्यासाठी आसपासच्या जंगलांतला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी राखून ठेवला जाई. ज्या गावाच्या कुशीत तो वाढे, त्या गावाने घरच्या ताटव्यांसाठी तो तोडला तर प्रसंगी गुन्हा ठरे.

ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले. त्या वातावरणातून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव पुढे आले. देवाजी तोफा हे गावचे नेते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू सोबती. गावाने दोन सवयी लावून घेतल्या: निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. घोषणा गाजली, माझ्या मते मात्र खरी ताकद त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या अभ्यासगटात होती.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि लगेच एक मजेदार वाद उपटला: बांबू झाड आहे की गवत? वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा, तो क्षणात गवत सांगेल. पण १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू ‘झाडां’त बसवलेला होता. झाड म्हटले की ते लाकूड, आणि लाकडावर हक्क वनविभागाचा. याउलट २००६ च्या कायद्याने बांबूला नाव घेऊन गौण वनोपजात घातले होते. एकाच वनस्पतीला दोन कायद्यांत दोन जन्म मिळालेले! हक्क कागदावर आला, तरी वाहतूक परवाना वनविभागाच्या हाती असल्याने बांबू गावाबाहेर जाईना.

ही कोंडी २७ एप्रिल २०११ रोजी फुटली. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले व वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढील वर्षी वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यातील एक तरतूद तरुण अभ्यासकांनी मुळातून वाचावी: वनोपज गोळा करणाऱ्यांना, त्यांच्या सहकारी संस्थांना, संघटनांना वा महासंघांना तो साठवण्याचा, वाहून नेण्याचा व विकण्याचा अधिकार आहे. संघटनेला कायद्याच्या मजकुरातच जागा मिळाली. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तेंदू व बांबूही ग्रामसभांच्या कक्षेत आले.

आता खरी परीक्षा सुरू झाली. समजा, एका गावाने तेंदू स्वतः विकायचा ठरवला. वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, निविदा उघडायच्या, करारनामा लिहायचा, अनामत घ्यायची, फळीवर पुडक्यांची नोंद ठेवायची, बँकेत खाते सांभाळायचे. माल थोडा, ठेकेदार मोजके, आणि तेही एकमेकांना ओळखणारे. पान तर थांबत नाही. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. वाट पाहणे ठेकेदाराला परवडते, गावाला नाही.

म्हणून ग्रामसभा एकत्र येऊ लागल्या. कोरची तालुक्यात २०१६-१७ च्या सुमारास तालुक्यातील बहुसंख्य ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभारली. तिथे महिला बचत गटांचे जाळे आधीपासून होते. त्यामुळे प्रतिनिधित्वात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने स्थान मिळाले. ही नुसती शोभेची व्यवस्था नव्हती, कारण पाने खुडणारे व जुळवणारे हात बहुतांशी त्यांचेच. एकत्र लिलाव, एकच करारनामा, परस्परांचे हिशेब तपासणे आणि थकबाकीदार ठेकेदाराची वार्ता सर्व गावांना कळणे, ही या संघटनेची साधी शस्त्रे होती.

२०१७ च्या हंगामात तेंदूचे भाव भडकले. मग १ जुलैला वस्तू व सेवा कर लागू झाला: तेंदूपानावर १८ टक्के, विडीवर २८ टक्के. २०१८ मध्ये खरेदीदारांनी हात आखडता घेतला, भाव कोसळले. कुठे निविदाच आल्या नाहीत, कुठे आधीची रक्कम अडकली. महाग्रामसभा ठेकेदाराशी घासाघीस करू शकत होती, पण कराचा दर तिच्या फळीवर ठरत नव्हता.

दुसरी उणीव कमी बोलली जाते. हिरडा, बेहडा, चारोळी, मोहफूल यांच्या व्यापारात औषधी उद्योगाला लागणारा माल आहे, तरी तो अजून मोठ्या प्रमाणात आठवडी बाजारात पायली-पायलीने जातो. तेंदू एकाच हंगामात, एकाच ठिकाणी, मोजक्या खरेदीदारांना विकला जातो, म्हणून संघटना बांधणे सोपे. हिरडा घरोघरी थोडाथोडा साठतो आणि मीठमिरचीसाठी विकला जातो. त्याला वाळवण, प्रतवारी आणि गोदाम लागते. त्या कामात संघटनांचा पाय अजून रोवलेला नाही.

जाता जाता चंद्रपूर जिल्ह्याकडे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गावाने बांबूचे लिलाव स्वतः केले, मजुरी स्वतः ठरवली. तेंदू मात्र विकायचाच नाही, असे ग्रामसभेने ठरवले. पानासाठी झुडपांची खुटकटाई होते, आगी लावल्या जातात, झाडाला फळ धरत नाही. आणि शेवटी त्या पानाची विडी होऊन माणसाच्याच छातीत जाते, अशी त्यांची कारणे. पाचगावात टेंभरे आता झाडावरच पिकतात. पक्षी खातात आणि पोरेही.